शनिवारी घाणा बंद

मंगळवार, २८ जानेवारी २०२५

नट झालो एकदाचा. वय एकोणसत्तर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, पण सिनेमात काम मिळालं आणि तेही नावानिशी. तात्या.

दीपेश नावाचा खारघरचा एक तरुण दिग्दर्शक आज घरी आला होता. त्याच्या आईचं माहेर मोरवली. पळस्प्याच्या पुढे आत वळलं की लागतं ते आमचं मूळ गाव. आम्ही मोरवलीकर ते त्यामुळेच. आजोबांचा तिथे तेलाचा घाणा होता. दीपेश तिथेच सिनेमा काढतोय. गावात भांडण होतं, दोन तट पडतात, आणि शेवटी गावातला म्हातारा तात्या सगळ्यांना एका पंगतीला बसवतो. मला कुठे पाहिलं म्हणून विचारलं, तर म्हणाला, लहानपणी आईबरोबर सिनेमाला यायचो तेव्हा टॉकीजच्या दारात तुम्ही असायचात, तेव्हापासून डोक्यात आहात.

अडतीस वर्षं टॉकीजमध्ये काढली. आधी तिकीटखिडकीवर, मग मॅनेजर. मराठी सिनेमातलं खेडं मी माझ्या गल्लीपेक्षा जास्त वेळा पाहिलंय. पाहुणा आला की भाकरी तयार, एक वहिनी पदराने डोळे पुसणारी, आणि कुणाच्याच दाराला कुलूप नाही. मी डोअरकीपरबरोबर थट्टा करायचो त्याची. पण पंगतीचा सीन आला की हिशेब टाकून दाराच्या पडद्याआड जाऊन उभा राहायचो. दर खेळाला. त्या खेड्यात सुतार असायचा, लोहार असायचा, न्हावी तर हमखास असायचा. आमच्यासारखा घाणेवाला मात्र कधी दिसला नाही. पनवेलमध्ये जन्म काढला तरी अजून लोक नाव ऐकून विचारतात, मोरवलीकर ते ठीक, पण मनासे म्हणजे काय, मूळचे कुठले तुम्ही?

आता बघा म्हणावं पडद्यावर.

दीपेशने भूमिकेची वही ठेवायला सांगितलंय, म्हणून हे लिखाण. बथशेबा म्हणाली, "पंचेचाळीस वर्षं घरात नाटकंच चालली होती, आता निदान कौतुक तरी होईल." बायको आहे की कोण आहे!

रविवार, २ फेब्रुवारी

मोरवलीला जाऊन आलो. गाव ओळखू येत नाही. जमिनी विमानतळापायी विकल्या गेल्या आणि त्या पैशावर घरं वर गेली. तीन-तीन मजले, काचेचे सज्जे, दारात डंपर नाहीतर हायड्रा क्रेन. दीपेशच्या माणसांनी एका बंगल्यापुढे गवताचं छप्पर उभं केलंय आणि पेणहून एक गाय भाड्याने आणलीय.

जगन भेटला. तिसरीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. मग घाणा बंद झाला आणि बाबा आम्हाला घेऊन पनवेलला आले. जगन मला ते छप्पर दाखवत म्हणाला, "आमचा गाव गावासारखा दिसत नाय, म्हून गाय पन भाऱ्यानं आनली." आणि स्वतःच इतका हसला की ठसका लागला. सगळा गाव पंगतीच्या सीनला बसणार आहे, दीडशे माणूस, फुकट. गावच्या लेकीच्या पोराचं काम म्हणून.

ज्युडिथशी, माझ्या नातीशी, संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर बोललो. आमची लेक इस्रायलमध्ये अश्दोदला असते, ही तिची मुलगी. दहा वर्षांची आहे, मराठी मोडकंतोडकं पण बोलते. तिला गवताच्या घराचा फोटो पाठवला होता. तिने विचारलं, "आजोबा, हे तुमचं गाव खरं आहे की सिनेमातलं?"

मी म्हटलं खरं. मग फोटोच्या कडेला दिसणारी ती काचेची गॅलरी तिने बोट ठेवून दाखवली. कारटी हुशार आहे, माझ्यावर गेलीय.

सोमवार, १० फेब्रुवारी

पहिला दिवस. धोतर, मुंडासं, हातात काठी. आरशात बघितलं. आजोबांचा एकच फोटो आहे आमच्याकडे, घाण्याजवळ उभे असलेला. हुबेहूब तेच.

नऊ वेळा चुकला माझा पहिला सीन. दीपेशची सहायक आहे ना समीक्षा, जी सगळ्यांच्या वेळा सांभाळते आणि जाता-येता मोबाईलवर चित्रण करत असते, ती म्हणाली, "काका, तुम्ही तिकीट द्यायला बसल्यासारखे बोलताय." राग आला. पण खरंच होतं. दहाव्यांदा मी समोरच्या जगनकडे बघून बोललो आणि दीपेशने टाळी वाजवली. घरी येईपर्यंत ती टाळी कानात होती.

बथशेबाला तीन वेळा सांगितलं. चौथ्यांदा ती पोळ्या लाटायला निघून गेली.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज एक गोष्ट झाली आहे आणि मी ती घरात सांगितलेली नाही.

पंगतीचा सीन शनिवारी लागला. मोठी क्रेन तेवढ्या एका दिवसापुरती मिळतेय, वरून सगळी पंगत दाखवायची आहे. समीक्षाने वेळापत्रक हातात दिलं, शनिवार, सकाळी सात, तात्या. मी "हो" म्हणालो. विचारसुद्धा केला नाही. सवयीने गेलं तोंडातून.

सवयच ती. टॉकीजमध्ये शनिवारी सगळ्यात जास्त गर्दी. अडतीस वर्षं शब्बाथला, आम्हा ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, तिकिटं फाडली मी. बाबांनी कधी तोंडाने अडवलं नाही. फक्त शनिवारी ते माझ्याशी बोलायचे नाहीत. सबंध दिवस एक शब्द नाही. आणि रविवारी सकाळी, काही झालंच नाही अशा थाटात, "चहा घेतोस का?" म्हणून विचारायचे. ते गेले तेव्हाही मला वाटलं की शनिवारच असेल, म्हणून बोलत नाहीत.

रिटायर झालो त्या दिवशी सिनेगॉगमध्ये उभं राहून मनाशी शब्द दिला होता, आता एकही शनिवार नाही. नऊ वर्षं पाळला. लग्नाची बोलावणी टाळली, एकदा दाढ सुजली तेव्हा डॉक्टरलासुद्धा रविवारी गाठलं.

पण पंगत आहे. अडतीस वर्षं जी दारातून बघितली ती पंगत, आणि तिच्या मधोमध मी. एका शनिवाराने काय बिघडतं, असं माझं एक मन म्हणतंय. ते मन टॉकीजच्या मॅनेजरचं आहे, मी ओळखतो त्याला.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

दुपारी काम नव्हतं म्हणून ठमाबाईच्या ओट्यावर जाऊन बसलो. जगनची मोठी बहीण, नव्वदीला टेकली असेल. लहानपणी मला कडेवर घेऊन फिरायची. अजून मनाशाच म्हणते.

तिला घाण्याचं सगळं आठवतं. शुक्रवारी उन्हं कलली की माझे आजोबा बैल सोडायचे आणि गावच्या बाया तेल न्यायला धावायच्या, कारण शनिवारी घाणा बंद. गावात आम्हाला शनवारतेलीच म्हणत. घाण्याची करकर थांबली की पोरांना कळायचं, उद्या शनिवार. आणि शनिवारी दारात येऊन कुणी तेल मागायचं नाही, हा गावाचाच नियम होता. आजोबांनी घालून दिलेला नव्हे. एकदा पाटलाच्या घरी मयत झालं आणि दिव्याला तेल नव्हतं, तर पाटलीण बाई सात घरं फिरल्या, पण आमच्या दारी आल्या नाहीत. तेव्हापासून प्रत्येक घरात शुक्रवारी बाटली भरून ठेवायची पद्धत पडली. ठमाबाई म्हणाली ती अजून ठेवते. घाणा बंद होऊन साठ वर्षं झाली, तेल दुकानातून येतं, पण बाटली शुक्रवारीच भरते.

मला फार बरं वाटलं ऐकून. मग मीही तिला माझं सांगितलं. म्हटलं, शनिवारी पंगतीचा सीन आहे, सगळ्या गावाच्या मधोमध मी बसणार, क्रेनवरून घेणार आहेत.

"शनवारी?" तिने विचारलं.

मी म्हटलं, हो, शनिवारी सकाळी. तिने माझ्याकडे वळून परत विचारलं, "शनवारी येनार तू?" बिचारीला ऐकू कमी येतं आता. मी मोठ्याने सांगितलं. मग ती जगनला हाक मारून आत घेऊन गेली. म्हातारपणी माणसाचं लक्ष लगेच उडतं. मी चहा संपवून निघालो.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी, संध्याकाळचे पाच

घाईत लिहितोय, शब्बाथचे दिवे लागायच्या आत वही मिटायची आहे.

काल झोप नाही. ठमाबाईची ती बाटली डोळ्यांपुढून हलेना. ज्या माणसाच्या घाण्यासाठी गाव बाटल्या भरून ठेवतं, त्याचा नातू मी, आणि मला नऊ वर्षांचा शब्द पंगतीपायी मोडवतो? लाज वाटली. स्वतःचीच लाज वाटली, दुसरं काही नाही.

दुपारी बथशेबाला सांगितलं सगळं. वाटलं ओरडेल. ती म्हणाली, मला बुधवारीच कळलं होतं, तुम्ही त्या दिवशी स्वतःचं कौतुक सांगितलं नाहीत.

मग दीपेशला फोन केला. शनिवारी येणार नाही म्हणालो. तो आधी समजावत राहिला, मग चिडला, आणि चिडायलाच हवं होतं त्याने. क्रेन परत मिळणार नाही, तात्याशिवाय पंगत होत नाही, म्हणजे तात्याच बदलावा लागेल, पुण्याच्या एका नटाला आत्ताच विचारतो, माझे चार दिवसांचे सीन फुकट गेले. मी म्हटलं, बदल बाबा, तुझं नुकसान माझ्या डोक्यावर नको. त्याने फोन ठेवला.

संपलं नटपण. अठरा दिवस चाललं. टॉकीजमध्ये याहून वाईट सिनेमे याहून कमी चालले आहेत.

बथशेबा मेणबत्त्या काढतेय. शब्बाथच्या प्रार्थनेसाठी मनुकांचं सरबत गाळून ठेवलंय. छाती मोकळी आहे, पण डोळे भरून येतायत. दोन्ही एकदम कसं होतं कोण जाणे.

रविवार, १६ फेब्रुवारी

कुठून सुरू करू!

काल दिवसभर फोन बंद होता. संध्याकाळी तीन तारे दिसून शब्बाथ संपल्यावर चालू केला तर दीपेशचे चौदा फोन येऊन गेलेले. उलट फोन केला तर म्हणाला, "काका, उद्या सकाळी सातला या. तात्या तुम्हीच आहात." का ते काही सांगेना. मी दोनदा विचारलं, तर हसला.

सकाळी गेल्यावर समीक्षाकडून कळलं की शनिवारी शूटिंग झालंच नाही. दीडशे माणसांतलं एकही आलं नाही! एकाच्या साडूकडे हळद, एकाचं पोट बिघडलं, एकाला उरणला मयतीला जायचं, एकीच्या घरचा पंप जळाला. अख्ख्या गावाचा एकाच दिवशी पंप जळतो का? पुण्याचा नट येऊन वाट बघून परत गेला. क्रेनवाला गेला.

माझं असं डोकं फिरलं! गावच्या लेकीचा पोर, पदरचं घालून सिनेमा काढतोय, आणि ऐन वेळी तोंडं लपवता? जगन समोर आला तसा मी त्याला फैलावर घेतला. म्हटलं, आपल्या वाडवडिलांच्या वेळी गावाचा शब्द म्हणजे शब्द होता, तुम्ही बंगले बांधले आणि शब्द विकलात. सगळ्यांच्या देखत बोललो. जगन मान खाली घालून ऐकत राहिला आणि एवढंच म्हणाला, "चुकलाच आमचा." मागे चार बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. निर्लज्ज.

आज मात्र सगळे हजर, दीडशेच्या वर. क्रेनचं काय, तर जगनच्या पुतण्याने आपली हायड्रा आणून उभी केली. तिच्या टोकाला पाळणा बांधून कॅमेरावाल्याला वर चढवला. तो बिचारा वर जाईपर्यंत देवाचं नाव घेत होता.

आणि पंगत बसली. केळीची पानं, दोन्ही बाजूंनी माणसं, मधोमध मी. सगळ्यांच्या पानात कोलंबीचं कालवण, माझ्या एकट्याच्या पानात वालाचं बिरडं. आम्ही कोलंबी खात नाही हे लक्षात ठेवलं, दीपेशची मांडणीची पोरं हुशार आहेत. सीनमध्ये दिवा लावायचा होता आणि तेल आणायला तीच पोरं विसरली. ठमाबाईने घरून बाटली मागवली. "शुक्रवारचीच हाय," म्हणाली.

मला डायलॉग होता, "बसा रे सगळे, पान वाढलंय." जगनकडे बघितलं. सकाळी इतकं बोललो होतो, तरी तो माझ्याच शेजारी येऊन बसला होता. मग मी डायलॉग सोडून त्याच्या पानात भाकरी ठेवली. दीपेशने कट म्हटलंच नाही. एका टेकमध्ये झाला सीन.

या खेपेला मी दारात उभा नव्हतो.

रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

नऊ महिन्यांनी वही काढली. आज लिहिल्याशिवाय राहवणार नाही.

सिनेमा शुक्रवारी लागला. मोरवलीकरांसाठी वेगळा खेळ आज ठेवला होता, मॉलमधल्या थिएटरात. शनिवारचा हॉल रिकामा होता म्हणे, तरी रविवारच घेतला. मला वाटलं, लोकांना सुट्टी म्हणून असेल. मी, बथशेबा, शेजारी जगन, त्याच्या पलीकडे ठमाबाई, व्हीलचेअरवर. पॉपकॉर्न तिला आवडलं नाही, पण सोडलंही नाही.

पडद्यावर मी दिसलो तेव्हा शिट्ट्या पडल्या. लाज सोडून सांगतो, चांगलं काम केलंय मी. पंगतीच्या वेळी बथशेबाने माझा हात धरला. पंचेचाळीस वर्षांत चारचौघांत पहिल्यांदा.

सिनेमा संपला, नावं वर सरकायला लागली, मी उठायला लागलो तर जगनने खाली ओढलं. नावांच्या बाजूला समीक्षाने मोबाईलवर घेतलेले तुकडे दाखवत होते, गाय, मेकअप, माझे नऊ चुकलेले टेक. सगळे हसत होते, मीसुद्धा.

मग खाली अक्षरं आली, शनिवार, १५ फेब्रुवारी, सकाळ. रिकामा मांडव. पानं मांडलेली, एकही माणूस नाही. समीक्षा कॅमेरा घेऊन चालत ठमाबाईच्या ओट्यापर्यंत जाते. ठमाबाई तांदूळ निवडत बसलेली. समीक्षा तिला सांगते, आजी, मनासेकाका आज येणार नाहीत, कालच कळवलं त्यांनी, पण गाव का नाही आलं?

ठमाबाईचे हात थांबले. कॅमेऱ्याकडे न बघता म्हणाली, "नाय येनार बोलला? बरा झाला. पन तो येनार होता तवाच आमी ठरवला. गुरवारी रातीच घराघरान सांगितला. आज शनवार, घाना बंद. तो विसरला तरी गाव नाय विसरला. उद्या या, सगली येतीन."

आणि मग थोड्या वेळाने, "त्याला सांगू नको हां. वाईट वाटल त्याला."

थिएटरातले दिवे लागले. मी बसूनच होतो. साडूची हळद, पोट, मयत, पंप, सगळे पंप एकामागोमाग डोळ्यांपुढे आले. आणि माझी ती शिवीगाळ. वाडवडिलांचा शब्द विकलात म्हणालो होतो मी, ज्यांनी माझ्या वाडवडिलांचा शब्द माझ्यापेक्षा घट्ट धरला होता त्यांना. सगळ्यांच्या देखत.

जगनकडे वळलो. त्याने माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि म्हणाला, "चहा घेतोस का?"

बाबांचेच शब्द. त्याला बाबांचं मी कधी सांगितलेलं नाही. मी तिथेच, त्या मऊ खुर्चीत, ढसाढसा रडलो. बाहेर नेऊन त्यांनी मला चहा पाजला, दीडशे माणसांनी मिळून. कप हातात धरायलासुद्धा दिला नाही. बिल कुणी दिलं, कळलं नाही.

बाहेर पडताना थिएटरच्या दारातल्या मुलाने माझ्याबरोबर फोटो काढला आणि विचारलं, "काका, तुम्ही मूळचे कुठले?" आयुष्यात पहिल्यांदा मी त्या प्रश्नाला लांबलचक उत्तर दिलं नाही. म्हटलं, मोरवलीचा.

घरी आलो तर ज्युडिथचा निरोप येऊन पडलेला. लेकीने तिला सिनेमाचा तुकडा दाखवला होता, पंगतीचा. आता तरी सांगा, ती विचारत होती, हे गाव खरं आहे की सिनेमातलं?

मी तिला लिहिलं, खरं आहे बाळा. फक्त शनिवारी बंद असतं.